माळ्यावरचा जुना साउंड काढायचाय? विकण्याआधी, देण्याआधी एवढं करा

आपल्याकडे दर दुसऱ्या घरात माळ्यावर नाहीतर जिन्याखाली एक तरी साउंड, म्हणजे गाणी वाजवायचा जुना सेट, पडलेला असतोच. कोणाकडे लग्नात आलेला टू-इन-वन, कोणाकडे आखातातून आणलेला डेक, कोणाकडे फाइव्ह पॉइंट वनचं होम थिएटर ज्याचे मागचे दोन स्पीकरचे डबे बॉक्समधून कधी बाहेरच आले नाहीत. भुसावळला रेल्वे क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात जाणारे, पोरगा पुण्याला नोकरीला गेला म्हणून त्याची खोली मोकळी करणारे, नवीन साउंडबार घेऊन बसलेले, सगळ्यांना एकच पडलेलं असतं की याचं करायचं काय. भंगारवाला किलोवर मागतो आणि जीव होत नाही, ऑनलाइन टाकलं तर दिवसभर फोन येतात आणि त्यातले अर्धे लबाड.

माझं म्हणणं सरळ आहे. मोबाइल फोटो बघून विकला जातो, साउंड जात नाही, तो वाजवूनच विकावा लागतो आणि द्यायचा असला तरी वाजवूनच द्यावा लागतो. वाजवायचं म्हटलं की एकीकडे करंटशी गाठ आणि दुसरीकडे अनोळखी माणसाशी. म्हणून खाली सगळ्यात जास्त तेच लिहिलंय, बाकीचं आपलं ओघात.

पिन लगेच बोर्डात घालू नका

माळ्यावरून काढला, फडकं मारलं आणि लावली पिन, हे सगळेच करतात आणि इथंच धूर निघतो. पाच-दहा वर्षं बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, असतात, त्यातले इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे, म्हणजे ते छोटे नळकांड्यासारखे, उष्णतेनं आतून सुकत जातात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, तेव्हा आपल्याकडचा माल नाशिक-पुण्याच्या मालापेक्षा लवकर सुकतो हे धरूनच चाला. वरून उंदरानं वायर कुरतडलेली असते, पाल आत जाऊन मेलेली असते, झुरळांनी बोर्डावर संसार मांडलेला असतो.

तर आधी लाइट न लावता बघा. वायर पूर्ण लांबीची हातात धरून बघायची, कुठं कडक झालीय का, तुटून चिकटपट्टी मारलीय का. पिनची टोकं काळी पडलीत का. मागचं फ्यूजचं झाकण बाहेरून फिरवून निघत असेल तर आत खरंच फ्यूज आहे की कोणी तांब्याची तार गुंडाळून ठेवलीय ते बघा, आपल्याकडे तार निघायची शक्यता बरीच असते. सेट हळूच हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. जळका वास येतोय का. रिमोटमधले सेल गळून पांढरी पूड झाली असेल तर ती उघड्या बोटानं काढू नका, जुन्या टूथब्रशनं काढा आणि हात धुवा.

हे सगळं ठीक वाटलं तरी पहिली लाइट घरी देऊ नका, ओळखीच्या रेडिओ-टीव्हीवाल्या मेकॅनिककडे न्या आणि त्याला म्हणा सिरीजवर लावून दे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका लाकडी बोर्डावर होल्डर असतो, त्यात जुना पिवळा बल्ब, ६० किंवा १०० वॅटचा, आणि सेटला जाणारी लाइट त्या बल्बातूनच जाते. सेट चालू केला की बल्ब एकदा भक्कन पेटतो आणि मंद होतो, म्हणजे आतले कपॅसिटर चार्ज झाले, सेट ठीक आहे. बल्ब फुल्ल पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण सगळा करंट बल्बनं अडवला म्हणून सेट जळत नाही आणि घरातलं एमसीबी पण पडत नाही. एलईडी बल्बनं हे होत नाही, तार असलेला जुनाच लागतो. आताच्या होम थिएटरमध्ये जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस, म्हणजे हलका इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय, असतो, ते सिरीजवर कधीकधी लुकलुक करतं, तेव्हा बल्ब नाचला म्हणजे सेट गेलाच असं समजू नका, मेकॅनिकला कळतं ते.

घरी झाकण उघडायचं नाही. हे मोठ्यानं सांगतो कारण आता व्हिडिओ बघून सगळेच मेकॅनिक झालेत. पिन काढली म्हणजे आतला करंट गेला असं नसतं, मोठे कपॅसिटर पिन काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो झटका जोरदार बसतो, आणि आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्यात २०० व्होल्टच्या वर डीसी असतो, तो जीव घेऊ शकतो. तसला सेट पुसायचा, फोटो काढायचा आणि जाणकाराच्याच हातात द्यायचा.

बाहेरून आलेला माल असेल तर मागची प्लेट वाचा. जपानमध्ये घरातली लाइट १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची, आपल्याकडे २३० ची. काही सेटला मागं व्होल्टेजचं बटण असतं, काहींना नसतं. नसेल आणि प्लेटवर फक्त १०० किंवा १२० लिहिलं असेल तर त्याच्यासोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो तुमच्याकडे असेल तर त्याच्यासकट विका, आणि सेटच्या वायरीला पट्टी चिकटवून लिहा की डायरेक्ट लावू नका. घेणारा घरी नेऊन उत्साहात बोर्डात घालतो, सेट जातो, आणि मग तुमचा फोन वाजतो.

चालतो म्हणजे नक्की काय चालतो

"चालू आहे" हे दोन शब्द लिहून भागत नाही. घेणारा विचारणार, चालू शे का, आणि तुम्ही हो म्हणणार, पण रेडिओ लागतो आणि कॅसेट लागत नाही हे पण चालूच झालं का? एक एक करून बघा आणि कागदावर लिहा. बॅलन्सचा नॉब पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का. आवाज वाढवताना खरखर येते का. आली तर ती बहुतेक वेळा व्हॉल्यूमच्या नॉबची असते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जाते, हे काम स्वस्त आहे, विकण्याआधी करून घ्या. कॅसेट फिरते पण गाणं जड आवाजात रडतं, तर बेल्ट ढिला झालाय. बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झाला असेल तर त्याला हात लावू नका, तो काळा डाग कपड्याचा निघत नाही. सीडी टाकली आणि वाचतच नाही तर लेन्स घाण आहे किंवा लेझर संपलाय, पहिल्याचं औषध आहे, दुसऱ्यासाठी पार्ट मिळणं आता अवघड आहे. एफएमला जवळचं एखादं स्टेशन लावून बघितलं की ट्यूनरचं कळतं.

स्पीकरचं वेगळं बघायचं. जाळी काढा, कोनाच्या, म्हणजे आवाजाबरोबर हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची रिंग बोटानं हलकेच दाबा. रबराची असेल तर बरीच वर्षं टिकते, फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत बिस्किटासारखी चुरा होते, आणि चुरा झालेल्या रिंगवर जोरात वाजवलं की कॉइल घासून स्पीकरच जातो. म्हणून आधी रिंग, मग आवाज. दोन्ही हातांची बोटं कोनावर पसरून समान दाबा, आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे. ॲम्प्लिफायर नसताना स्पीकर जिवंत आहे का हे बघायला रिमोटचा दीड व्होल्टचा एक सेल बस झाला, दोन वायरी क्षणभर टेकवा, टक्क आवाज येतो आणि कोन थोडा पुढं किंवा मागं सरकतो, पुढं आला तेव्हा सेलचं प्लस ज्या वायरीला होतं ती लाल. सेल धरून ठेवायचा नाही, टेकवला की काढला. याच्यानं ट्विटरचं, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचं, कळत नाही, त्याला गाणं लावून कान जवळ न्यावा लागतो, आणि भरपूर जुन्या डब्यात ट्विटर मेलेला असतो पण मालकाला पत्ताच नसतो, कारण जाड आवाजाचा वूफर धडधडतोय ना.

जोडताना सेट बंद, आवाज शून्य. वायरीचे उघडे केस एकमेकांना चिकटले की ॲम्प्लिफायरचं आउटपुट जाऊ शकतं, हे गिऱ्हाइकासमोर झालं तर सगळाच सौदा गेला. ॲम्प्लिफायरच्या मागं ८ ओम लिहिलेलं असेल आणि तुम्ही ४ ओमचे डबे जोडून जोरात वाजवून दाखवत असाल तर तेही तसंच.

आणि ते वॅटचं प्रकरण. डब्यावर पीएमपीओ ५००० वॅट असं मोठ्या चंदेरी अक्षरात असतं, आपण तेच जाहिरातीत टाकतो. पीएमपीओला कुठला ठरलेला मापदंड नाही, कंपनीला वाटला तो आकडा. सेट उलटा करा, मागच्या प्लेटवर वीज किती ओढतो ते लिहिलेलं असतं, तिथं ६० वॅट असेल तर ५००० येणार कुठून? आरएमएस, म्हणजे सतत देता येणारा खरा वॅट, दिलेला असेल तर तो लिहा, नसेल तर प्लेटचा फोटो टाका. जाणकार गिऱ्हाईक त्या फोटोवरूनच ठरवतं की माणूस खरा आहे का.

देण्याआधी त्यातलं आपलं काढून घ्या

डेकचं कॅसेट टाकायचं झाकण उघडून बघा, आत कॅसेट आहे का. खूपदा असते. आणि ती बाजारातली नसते, घरात रेकॉर्ड केलेली असते, आजीनं म्हटलेली कानबाईची (आपल्या खान्देशातली देवी) गाणी, कोणाच्या तरी बारशाचा गलका, वडिलांचा आवाज. ती आधी बाजूला काढा आणि डेक चालू असेल तोवरच मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, डेक विकल्यावर कॅसेट हातात घेऊन बसायची वेळ येते. कॅसेटच्या ज्या कडेला टेप उघडी दिसते तिच्या उलट कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे तोडून टाका म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होत नाही. सीडी ट्रे, मागचा पेन ड्राइव्ह, बाजूच्या खाचेतलं मेमरी कार्ड पण बघा. त्या कार्डात गाण्यांसोबत घरातले फोटो असू शकतात.

नवीन माल असेल, ब्लूटूथ साउंडबार किंवा बोलणारा स्मार्ट स्पीकर, तर फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय द्यायचा नाही. स्मार्ट स्पीकर तुमच्या अकाउंटला जोडलेला असतो, तो नुसता रीसेट करून पुरत नाही, मोबाइलच्या ॲपमधूनही काढावा लागतो, नाहीतर नवीन मालकाला तो चालू करताना अडचण येते आणि तुमची खरेदीची यादी त्याच्या हॉलमध्ये वाचून दाखवली जायची. टीव्हीला जोडायचा अँड्रॉइड बॉक्स सोबत देत असाल तर त्यात तुमचं गुगल अकाउंट चालू असतं, घरच्या वायफायचा पासवर्ड पण. जुन्या बिलावर पत्ता आणि मोबाइल नंबर असतो, बिल द्यायचं तर ते पेनानं खोडून द्या.

भाव आणि जाहिरात

भाव काढायला तुम्ही घेतला तेव्हाची किंमत विसरा. वीस हजाराला घेतलं होतं असं गिऱ्हाइकाला सांगून काही होत नाही. त्याच मॉडेलचे दुसरे लोक काय मागताहेत ते बघा आणि लक्षात ठेवा की मागताहेत म्हणजे मिळतंय असं नाही. आपला मेकॅनिक सांगेल तो आकडा बऱ्याचदा खरा असतो, फक्त तो स्वतःच घेणार असेल तर थोडा कमी सांगेल, चालायचंच. जपानी ॲम्प्लिफायर, जुने रेकॉर्ड प्लेयर, लाकडी डब्याचे चांगले स्पीकर यांना शौकीन लोक आहेत, पण ते बहुतेक मोठ्या शहरात. पीएमपीओवाल्या होम थिएटरला तसं कोणी नाही, ते गावातच खपतं, आणि श्रावणात कानबाई बसायच्या आधी किंवा गणपतीच्या तोंडावर टाकलं तर लवकर खपतं.

इथं एक अडचण येते. गल्लीतलं मंडळ येतं, मोठा आवाज पाहिजे म्हणतं. घरचा साउंड चौकात चालत नाही हे त्यांना तोंडावर सांगा. तो खोलीसाठी बनलेला असतो, रस्त्यावर पुरत नाही म्हणून पोरं फुल्ल करतात, आवाज फाटतो आणि त्या फाटलेल्या आवाजानं आधी ट्विटर जळतो, मग ॲम्प्लिफायर तापतो. मग तेच पोरं तुमच्या ओट्यावर येतात, काका तुमचा साउंड खराब निघाला. मंडळाला पीए सिस्टीमच लागते, आहुजासारखी, मंडपवाले वापरतात ती. त्यांना मंडपवाल्याकडेच पाठवा.

फोटो दिवसा काढा. समोरून, मागून, मागच्या जोडण्या, प्लेट, आणि जिथं ओरखडा आहे तिथं जवळून. सिरियल नंबरचे शेवटचे आकडे झाका. फोटोत मागं तिजोरीवालं कपाट, देवघरातली चांदी, बाहेरच्या फाटकाचं कुलूप असलं काही नको. चमकत्या काचेत तुम्ही बनियनवर दिसता ते पण बघून घ्या. जाहिरातीत पूर्ण पत्ता नको, "जळगाव, महाबळ परिसर" एवढं पुरे. दोष सगळ्यात आधी लिहा, गुण नंतर. डावीकडचा कॅसेट डेक बंद, बाकी चालू, असं पहिल्याच ओळीत दिसलं की फालतू फोन येत नाहीत.

जो घासाघीस करत नाही त्याच्यापासून सावध

आपल्याकडचं खरं गिऱ्हाईक फोन उचलल्या उचलल्या विचारतं, "कितलाले देशात भाऊ?", म्हणजे कितीला देता. तुम्ही आठ म्हटलं की ते तीन म्हणतं, मग आवाज कसा, कंपनी कोणती, घरी येऊन बघू का. हे सगळं चांगलं लक्षण आहे. याच्या उलट एक फोन येतो, हिंदीत, गोड. डीपीला वर्दीतला फोटो. मी फौजमध्ये आहे, माझी बदली झालीय, सामान माझा माणूस उचलेल, पैसे आत्ताच पाठवतो. तुमचा साउंड कोणता हे त्यानं विचारलेलंच नसतं. भाव पण जसाच्या तसा मान्य. खान्देशात भाव न करता कोणी वांगी घेत नाही, हा साउंड कसा काय घेतोय? ओळखपत्राचा फोटो पण पाठवतो, तो दुसऱ्याच कोणाचा चोरलेला असतो.

मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. इथं एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण सांगून ठेवा: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. दुसरा प्रकार म्हणजे चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा, सोबत खोटा स्क्रीनशॉट किंवा बँकेसारखा दिसणारा मेसेज. मेसेज बघू नका, स्वतःचं बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघा. तिसरा, कुरिअरचा ट्रॅकिंग बघायला म्हणून एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकायची फाइल, पाठवतात, ती टाकली की मोबाइलच त्यांच्या हातात. स्क्रीन शेअर करायला सांगणारं कोणतंही ॲप पण तसंच.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० ला लगेच फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता जास्त.

दाखवायचं कुठं, पैसे घ्यायचे कसे

सगळ्यात चांगली जागा तुमच्या मेकॅनिकचं दुकान. तिथं लाइट आहे, बोर्ड आहे, बघायला तिसरा माणूस आहे, आणि घेणाऱ्याला तिथंच विचारता येतं की यात पुढं काय खर्च निघेल. मेकॅनिकला चहापाण्याचं द्या, तो खूश. जळगावात राहत असाल तर गोलाणी मार्केटसारख्या गजबजलेल्या ठिकाणी ओळखीचं दुकान शोधायला अवघड नाही. जड माल असेल, हलवता येत नसेल, तर घरी बोलवा पण दिवसा, घरात दोन मोठी माणसं असताना, शेजारच्या नानांना पण हाक मारून ठेवा. साउंड पुढच्या खोलीत आणून ठेवा, आतल्या खोलीपर्यंत कोणाला नेऊ नका. लाइट जायची वेळ कोणती ते बघून वेळ द्या, नाहीतर गिऱ्हाईक पारोळ्याहून गाडी करून येतं आणि दोघं अंधारात डब्याकडे बघत बसतात.

वाजवताना त्याच्या आवडीचं गाणं त्याच्याच मोबाइलवरून लावू द्या. हळू आवाजापासून सुरू करा, सेट दहा-पंधरा मिनिटं वाजू द्या, काही दोष तापल्यावरच बाहेर येतात आणि ते तुमच्यासमोर आलेले बरे. सगळे नॉब त्याला फिरवू द्या. सांगून ठेवलेला दोष परत एकदा दाखवा.

पैसे रोख घेतले तर मोजून, मोठ्या नोटा उजेडात बघून. यूपीआयनं घेतले तर खात्यात दिसल्यावरच डब्याला हात लावू द्या. आणि एक कागद करा, लोक कंटाळा करतात पण पाच मिनिटांचं काम आहे. तारीख, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, किती रुपये, "वाजवून बघितला, जसा आहे तसा घेतला", दोघांची नावं, मोबाइल नंबर, सह्या. दोन प्रती. आधारची झेरॉक्स कोणाला देऊ नका आणि मागू पण नका. उद्या तो साउंड कुठं भलत्याच ठिकाणी सापडला किंवा त्यानं तिसऱ्याला विकला तर तुमच्याकडे कागद असतो. तुम्ही स्वतः जुना घेत असाल तरी हाच कागद मागा.

बाहेरगावी पाठवायचा असेल तर

नाशिकचा, सुरतचा शौकीन माणूस सापडला तर आधी व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवा, पूर्ण पैसे घ्या, मगच माल पाठवा. पॅक करताना व्हिडिओ काढा, सिरियल नंबरपासून शेवटच्या चिकटपट्टीपर्यंत. ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो, ती बाजू जड, बॉक्सवर बाण काढून लिहा कुठली बाजू खाली. एका बॉक्सात दुसरा बॉक्स, मधे थर्माकोल किंवा घट्ट गुंडाळलेल्या जुन्या गोधड्या. नुसती वर्तमानपत्रं दबून जातात. स्पीकर कोनाच्या बाजूवर पालथा घालू नका. रेकॉर्ड प्लेयरचं वेगळंच नाटक असतं, सुईला टोपी, हात बांधून ठेवायचा, मागचं वजन काढून वेगळं गुंडाळायचं, वरची जड तबकडी निघत असेल तर ती पण काढायची, मोटरला प्रवासाचे स्क्रू असतील तर आवळायचे. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, एकावर एक नाही, आणि उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागं ठेवून कुठं जेवायला थांबायचं नाही, परत येईपर्यंत तबकडीची पन्हाळी होते. खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डी पाठवूच नका, पावसाचा पहिला जोर ओसरला की पाठवा. ट्रान्सपोर्टनं टाकलं तर बिल्टीवर (त्यांच्या पावतीवर) माल आणि किंमत नीट लिहून घ्या, बिल्टीचा फोटो समोरच्याला पाठवा, मूळ जपून ठेवा.

फुकट द्यायचा असेल तर

फुकट म्हटलं की आपण ढिले पडतो, पण नियम तेच. आधी विचारा त्यांना काय लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला माइक लावता आला पाहिजे, पोरांना पेन ड्राइव्हवरची गाणी-कविता वाजवता आल्या पाहिजेत, त्यांना तुमचा माइकची सोय नसलेला सीडी चेंजर देऊन काय उपयोग? भजनी मंडळाला माइक आणि टाळ-मृदंगाच्या वर ऐकू येईल एवढा आवाज लागतो. सातपुड्यातल्या आश्रमशाळेला द्यायचा तर तिथं व्होल्टेज कसं असतं ते आधी विचारा, सोबत स्टॅबिलायझर देता आला तर बघा. वाचनालयाला, वृद्धाश्रमाला छोटा रेडिओ-यूएसबीवाला सेट मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त कामाचा असतो, कारण चालवणाऱ्याला दोनच बटणं कळायला हवीत.

देताना सगळ्या वायरी, रिमोट, नवे सेल, आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात कसं लावायचं ते. लाल वायर इथं, काळी इथं, आधी आवाज कमी मग चालू. स्वतः जाऊन एकदा लावून द्या. बंद पडलेला साउंड शाळेला देऊन "दुरुस्त करून घ्या" म्हणणं म्हणजे आपलं भंगार त्यांच्या कोठीत टाकणं, आणि शाळेच्या रजिस्टरला एकदा चढलं की ते भंगार काढायला मास्तरला किती कागद करावे लागतात ते त्यालाच विचारा.

नातेवाइकाला फुकट देत असाल तर दोष दोनदा सांगा. बाहेरचा माणूस एकदाच भांडतो, साडू दर लग्नात आठवण काढतो.

मेलेला साउंड

दुरुस्तीचा खर्च साउंडच्या भावापेक्षा जास्त निघाला की सोडून द्या. मेकॅनिकला पार्टसाठी हवा असेल तर त्यालाच द्या, ट्रान्सफॉर्मर, चांगले नॉब, स्पीकरचे डबे त्याच्या कामाला येतात आणि एखादा दुसरा सेट त्यावर जगतो. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिला तर त्याला हवं असतं तांबं, आणि ते काढायला कोणीतरी पुढं वायरी जाळतं, प्लॅस्टिकचा तो धूर विषारी असतो आणि जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ सालचे, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुना माल अधिकृत रिसायकलरपर्यंत पोचवायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय. म्हणून कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा जुना माल कुठं घेता, दुकानात एक्स्चेंज चालू असेल तर बघा, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर परवानगी असलेल्या रिसायकलरची यादी असते. एकट्याचा एक साउंड न्यायला कोणी येत नाही, कॉलनीतल्या चार-पाच घरांनी मिळून जमवला तर जमतं.

ब्लूटूथ स्पीकरमध्ये लिथियमची बॅटरी असते. स्पीकर फुगल्यासारखा दिसत असेल, झाकण वर आलं असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबू नका, उन्हात ठेवू नका, आणि इतर भंगारात मिसळून तर अजिबात देऊ नका, ती पेट घेते. वेगळी ठेवून ई-कचरावाल्यालाच द्या.

आणि जो सेट धोक्याचा आहे, बॉडीला करंट येतो किंवा धूर निघालेला आहे, त्याची पिन बोर्डातून काढून ठेवा, मग वायर सेटच्या अगदी जवळून पक्कडीनं कापून टाका आणि वर मार्करनं "बंद, करंट येतो" असं लिहा. नाहीतर भंगारात पडलेला तो कोणीतरी उचलतो, दिसायला चांगला आहे म्हणून घरी नेतो आणि पोरं पिन लावतात.